जुनं प्रदर्शन-मेडल लिलावात कितीला जाईल?

प्रश्न : आमच्याकडे १८९३ च्या शिकागो जागतिक प्रदर्शनाचं बक्षिसाचं मेडल आहे, ब्राँझचं, मूळ डबीसकट. ऑनलाइन कुणी ते अगदी स्वस्तात देतंय तर कुणी त्याच मेडलचे दसपट मागतंय. लिलावात द्यायचं तर किंमत किती धरायची? आणि काळपट पडलंय, ते घासून चकचकीत करून द्यावं का?

उत्तर : दुसरा प्रश्न आधी घेतो. घासू नका, प्लीज! पॉलिश नको, लिंबू नको, टूथपेस्ट तर नकोच नको. तो तपकिरी काळपट थर म्हणजे सव्वाशे वर्षांत तयार झालेला पॅटिना आहे, जाणकार गिऱ्हाईक तोच बघून बोली लावतं आणि एकदा गेला की परत येत नाही. डबीसुद्धा जशी आहे तशीच राहू द्या. या मेडलची डबी ॲल्युमिनियमची असायची, त्या काळी तो नवलाईचा धातू होता, त्यामुळे डबी सोबत असली की भाव चांगला वाढतो.

आता किमतीचं. शिकागोला सोनं-चांदी-ब्राँझ अशा पायऱ्या नव्हत्या, सगळ्यांना एकच ब्राँझ मेडल, साधारण ७६ मिमीचं, आणि अशी वीस हजारांच्या वर वाटली गेली, म्हणजे नुसतं मेडल दुर्मिळ नाही. पुढच्या बाजूचा किनाऱ्यावर उतरणारा कोलंबस हा शिल्पकार ऑगस्टस सेंट-गॉडेन्सचा. मागची बाजूही त्यानेच केली होती पण त्यातल्या नग्न मुलावरून गदारोळ झाला आणि ते काम अमेरिकन टांकसाळीचा मुख्य कोरक्या चार्ल्स बार्बर याच्याकडे गेलं. त्या मागच्या बाजूला विजेत्याचं नाव आहे बघा, आणि माझ्या मते तुमची खरी किंमत तिथेच आहे. ते नाव नंतर कोरलेलं नसतं, ठसा मारतानाच साच्यात नावाचा वेगळा तुकडा बसवायचे, त्यामुळे अक्षरं उठावाची असतात. भिंगाखाली बघा, अक्षरं खोल खोदलेली दिसली तर शंका घ्या.

ते नाव कुणाचं आहे ते शोधून काढा, यात दोन दिवस गेले तरी चालतील. कंपनी बंदुका, शिलाई मशीन, कॅमेरे, पियानो किंवा बिअर बनवणारी असेल तर मेडलवाले गोळा करणारे एकीकडे आणि त्या वस्तूंचे वेडे दुसरीकडे, दोघंही बोलीला उतरतात आणि भाव वर जातो तो अशाच वेळी. नाव कुणालाच माहीत नसेल तर मेडल मेडलच्या भावात जाईल, मग ते कितीही सुंदर असो. तुम्हाला दिसलेला दसपट फरक बऱ्याचदा या नावामुळेच पडतो. बाकी वेळा ती विकणाऱ्याने नुसती मागितलेली किंमत असते आणि मागायला काय, कुणीही काहीही मागतो. म्हणून लिलाव कंपन्यांच्या साइटवर प्रत्यक्ष विकलेल्यांचे भाव बघा, त्यातही तुमच्या विजेत्याइतक्याच नावाजलेल्या विजेत्याचे आणि तुमच्यासारख्याच अवस्थेतले. आणि तो आकडा हातोडा पडतानाचा, म्हणजे नुसत्या शेवटच्या बोलीचा आहे की खरेदीदाराचं कमिशन धरून, हे नक्की तपासा, कारण ते कमिशन तुमच्या खिशात येत नाही आणि वर तुमच्याकडूनही विक्रीचं कमिशन कापतात.

प्रश्न : माझ्याकडे १९०४ च्या सेंट लुईस प्रदर्शनाचं मेडल आहे, त्यावर इंग्रजीत चक्क 'गोल्ड मेडल' लिहिलंय. सोन्याच्या वजनाने किंमत काढू का?

उत्तर : नका काढू. गोल्ड हा तिथे बक्षिसाचा दर्जा आहे, मेडल आहे ब्राँझचं, वर सोन्याचा मुलामा. खात्रीच करायची तर आधी मेडलचं वजन ग्रॅममध्ये करा, मग काट्यावर पाण्याचा ग्लास ठेवून काटा शून्यावर आणा आणि मेडल दोऱ्याला बांधून तळाला न टेकवता पूर्ण बुडवा. काटा जितके ग्रॅम दाखवेल त्याने पहिल्या वजनाला भागा. उत्तर ९ च्या आसपास आलं तर ब्राँझ, अठरा कॅरेट सोनं असेल तर १५ च्या वर यायला हवं. नंतर मऊ कापडाने नुसतं टिपून घ्या, चोळू नका, मुलामा पातळ असतो.

तुमच्या मेडलचं डिझाइन शिल्पकार ॲडॉल्फ वाइनमनचं आहे. ग्रँड प्राइज, गोल्ड, सिल्व्हर, ब्राँझ असा दर्जाप्रमाणे आकारच बदलायचा, त्यामुळे चारही दर्जे जमवणारे लोक आहेत. पण यावर साधारणपणे विजेत्याचं नाव नसतं, मग कुणाला मिळालं हे सिद्ध कशावरून करणार? त्यासाठी घरातली जुनी कागदपत्रं चाळा, सोबतचं सर्टिफिकेट मिळालं तर मेडल आणि ते एकाच लॉटमध्ये, म्हणजे एकाच बोलीत द्या, वेगळं वेगळं विकू नका.

प्रश्न : पॅरिसच्या १८६७ च्या मेडलच्या कडेवर बारीक शिंगासारखी खूण आहे, ही कसली?

उत्तर : पॅरिस टांकसाळीची. १८६० ते १८७९ पर्यंत तिथे मधमाशीची खूण होती आणि १८८० पासून फळाफुलांनी भरलेलं शिंग आलं, सोबत धातूचं नाव. म्हणजे तुमचं मेडल प्रदर्शनाच्या वेळचं नाही, जुन्या साच्यावरून नंतर पाडलंय. विकायला हरकत नाही, पण कॅटलॉगमध्ये तसं स्पष्ट लिहायला सांगा आणि मूळ मेडलच्या भावाची अपेक्षा ठेवू नका.