खाँसाहेब उभा करायचा तर… (वाचकांचे प्रश्न)

प्रश्न : वसंतराव देशपांडे 'कट्यार काळजात घुसली'मुळे घराघरांत पोचले. त्याआधी ते रंगभूमीवर नवखे होते का? – एक वाचक, अकोला

नवखे कसे म्हणणार? तुमच्याच जिल्ह्यातल्या मूर्तिजापूरचा हा माणूस (जन्म 1920), आणि 1935 सालच्या 'कालियामर्दन' चित्रपटातला बालकृष्ण तोच. नागपुरात शंकरराव सप्रे यांच्याकडे शिक्षण झालं, पुढे लाहोरला असद अली खाँ यांच्याकडे मारवा रागाची तालीम. दीनानाथ मंगेशकरांच्या गायकीची छाप तर तानेतानेत ऐकू येते. तबला आणि पेटीवरही हात चालायचा. पोटासाठी मात्र बरीच वर्षं लष्करी हिशेब खात्यातली नोकरी केली. 1967 साली 'कट्यार'च्या रूपाने पुरुषोत्तम दारव्हेकरांचं नाटक आणि जितेंद्र अभिषेकीबुवांचं संगीत मिळालं, तेव्हा वय होतं 47. लयीची जी हुकमत त्यांनी या नाटकात उभ्या केलेल्या गवई खाँसाहेबाच्या गाण्यात दिसते, तिच्यामागे तबल्याचा हात आहे, असं आमचं मत.

प्रश्न : आमची हौशी संस्था हेच नाटक बसवते आहे. खाँसाहेब करणारा मुलगा बैठकीत उत्तम गातो, पण तालमीत दुसऱ्या अंकातच त्याचा आवाज बसतो. काय चुकतंय? – एक दिग्दर्शक, सांगली

बहुतेक वेळा गाणं नाही, गद्य चुकतं. खाँसाहेबाचा रुबाब आणायला मुलं छातीतून खर्जात, म्हणजे अगदी खालच्या सुरात, ओरडतात. तासभर तसं बोलल्यावर तार षड्ज (वरचा सा) लागणार कुठून? त्याची पट्टी काळी एक (पेटीची पहिली काळी पट्टी हा त्याचा सा) असेल, तर संवाद मध्य षड्जाच्या आसपास बोलू द्या आणि दरारा शब्दांमधल्या थांब्यांतून येऊ द्या. पदाआधीचं शेवटचं वाक्य सुरू झालं की ऑर्गनवाल्याने हलकेच षड्ज धरावा. वाक्य सुराजवळ उतरतं, पद वेगळं जोडल्यासारखं वाटत नाही.

नाटकातलं 'तेजोनिधी लोहगोल' हे पद ललत पंचम रागातलं. तिथे शुद्ध आणि तीव्र असे दोन्ही मध्यम स्वच्छ हवेत, म्हणून धावपळीच्या प्रवेशानंतर लगेच गायला लावू नका. चार वाक्यांची उसंत द्या. बैठकीत वीस मिनिटं आलापी चालते. इथे पाच-सहा मिनिटांत पद संपलं नाही, तर समोरचं पात्र खांबासारखं उभं राहतं. वन्समोअर आला तर ध्रुवपदापासून उचलायचं, हे तबलजीशी आधीच ठरवून ठेवा.

अंगरख्याचा बंद पोटावर आवळू नका, श्वास तिथेच अडतो. माइक छातीवर लावला की जरीची खसखस येते आणि मान वळली की आवाज पडतो; गालावरचा बरा. नट मागे गेल्यावर त्याला साथ नीट ऐकू येत नाही आणि तो लयीत मागे पडतो. विंगेत एक छोटा स्पीकर त्याच्याकडे तोंड करून ठेवा.

प्रश्न : नायिका काळी चारमध्ये गाते. तबला एकच चालेल? – त्याच संस्थेचे तबलजी

नाही. काळी एकसाठी साधारण सव्वापाच इंच तोंडाचा आणि काळी चारसाठी सहा इंचांच्या आसपासचा, असे दोन दाये (उजव्या हाताचे तबले) जवळ ठेवा. चालू प्रवेशात तबला मिळवायची हातोडी ऐकू गेली की प्रवेश गेलाच. पावसाळ्यात दमट हवेने पुडी (तबल्याचं कातडं) सुरात उतरते आणि वातानुकूलित नाट्यगृहात सुकून चढते. म्हणून अर्धा तास आधी झाकण काढून तबले जागेवर ठेवा, मगच ऑर्गनशी मिळवा. मध्यंतरात पुन्हा तपासा.