मांड्या का भरून येतात?

हार्ट फेल्युअरच्या, म्हणजे हृदय शरीराला पुरेसं रक्त पुरवू न शकणाऱ्या, रुग्णांच्या पत्रांत विषय एकच : पंपिंग किती टक्के, म्हणजे दर ठोक्याला हृदय आतल्या रक्तापैकी किती बाहेर ढकलतं. पायांच्या स्नायूंबद्दल कुणी विचारत नाही, आणि घोळ तिथेच होतो.

प्रश्न : इकोमध्ये (हृदयाच्या सोनोग्राफीत) पंपिंग ३०% आहे. चालायला लागलो तर हृदय आणखी कमजोर होईल का?

उत्तर : प्रकृती स्थिर असेल तर नाही. आधी स्ट्रेस टेस्ट (चालवून हृदयाची तपासणी) आणि हृदयरोगतज्ज्ञांची परवानगी.

प्रश्न : औषधांनी सूज उतरली. तरी एक मजला चढलं की मांड्या भरून येतात, धाप लागते. घरचे म्हणतात, पडून राहा.

उत्तर : या 'पडून राहा'नेच निम्मं नुकसान होतं! या आजारात स्नायू बारीक होतात, त्यांतल्या केशवाहिन्या (केसासारख्या बारीक रक्तवाहिन्या) आणि मायटोकॉन्ड्रिया (पेशींतली ऊर्जाकेंद्रं) घटतात, न थकणारे तंतू कमी होऊन लवकर दमणारे वाढतात. असा स्नायू थोड्या कामातच मेंदूकडे तक्रार पाठवतो आणि श्वास वाढतो. म्हणूनच पंपिंग सारखंच असलेल्या दोघांत एक चालतो, दुसरा बसतो. नियमित व्यायामाने हे बदल बरेचसे उलटतात, पंपिंगचा आकडा फारसा हलला नाही तरी. २००९ साली प्रसिद्ध झालेल्या 'एचएफ-ॲक्शन' चाचणीत २,३३१ रुग्ण होते, सर्वांचं पंपिंग ३५% किंवा कमी. व्यायाम सुरक्षित ठरला. सुरुवात ५-१० मिनिटं सपाटीवर, दिवसातून दोनदा. हळूहळू ३० मिनिटं, आठवड्यातून पाच दिवस. पुढे आठवड्यातून दोनदा खुर्चीतून उठ-बस, ८-१० वेळा, श्वास न रोखता. फरक दिसायला दोन-तीन महिने लागतात. सोडलंत तर कमावलेलं काही आठवड्यांत ओसरतं. फिजिओथेरपिस्टकडून आखून घ्या, 'पावसाळा संपू दे' म्हणत बसू नका.

प्रश्न : घड्याळात नाडी किती दिसायला हवी?

उत्तर : बीटा ब्लॉकर (नाडी मंद ठेवणारं औषध) चालू असेल तर कमाल नाडीचं '२२० वजा वय' हे सूत्र विसरा. चालताना बोलता यावं, गाता येऊ नये. छातीत आयसीडी (ठोके धोकादायक बिघडले तर शॉक देणारं यंत्र) असेल, तर नाडीची मर्यादा डॉक्टरांकडून लिहूनच घ्या.

प्रश्न : जिमवाल्याने प्रोटीनचा डबा दिलाय. घेऊ?

उत्तर : तुमचं क्रिएटिनिन (मूत्रपिंडांचं काम दाखवणारी रक्ततपासणी) त्याने पाहिलं होतं का? डबा आहारतज्ज्ञांना दाखवा, तोवर झाकण लावूनच ठेवा.

प्रश्न : व्यायाम कधी थांबवायचा?

उत्तर : छातीत दुखलं, चक्कर आली, धडधड वाढली तर तिथल्या तिथे, बसूनही थांबलं नाही तर थेट रुग्णालय. तीन दिवसांत वजन दोन किलो वाढलं किंवा आडवं झाल्यावर दम लागू लागला, तर चालणं बंद आणि त्याच दिवशी डॉक्टरांना फोन. सोमवारच्या ओपीडीची वाट पाहू नका.