वाचकांचे प्रश्न : किनारा आणि आपत्ती शिकवायच्या कशा?

प्रश्न : सर नमस्कार, मी विद्यापीठात भूगोल शिकवते. माझं स्वतःचं काम नद्यांवर झालंय, पण या सेमिस्टरला अचानक किनारी भूगोल आणि आपत्तीविज्ञान हा पेपर माझ्याकडे आलाय. आमच्यापासून समुद्र खूप लांब आहे, वर्गातल्या निम्म्या मुलांनी तो कधी पाहिलेलाही नाही. मुलं त्सुनामीची व्याख्या, प्रकार, उपाय असं सगळं पाठ करून लिहितात, मार्कही पडतात, पण त्यांना काही कळलंय असं मला वाटत नाही. सुरुवात कुठून करू?

उत्तर : मॅडम, आधी समुद्र लांब असल्याची काळजी सोडा. 26 डिसेंबर 2004 ला थायलंडमधल्या फुकेतच्या किनाऱ्यावर टिली स्मिथ नावाची 10 वर्षांची इंग्लिश मुलगी आईवडिलांबरोबर सुट्टीला आलेली होती, पाणी विचित्र फेसाळतंय, पुढेच येत राहतंय हे बघून ती त्सुनामी म्हणून ओरडत सुटली आणि त्या बीचवरची सुमारे शंभर माणसं वेळेत मागे हटली. तिला हे कुठून कळलं, तर दोनच आठवडे आधी शाळेतल्या भूगोलाच्या तासाला शिकवलेलं होतं, आणि ती शाळाही काही समुद्राकाठची नव्हती. तेव्हा आपला तास कुणाच्या कधी कामी येईल हे आपल्याला माहीत नसतं, मुलं नोकरीला, फिरायला कुठेही जातात.

आता सुरुवातीचं. सिलॅबसमध्ये बहुतेक वेळा पहिल्या युनिटला लाटा, भरती-ओहोटी, भूरूपं असतात आणि शेवटच्या युनिटला आपत्ती, त्यामुळे मुलांच्या डोक्यात दोन वेगळे विषय तयार होतात. मी हा क्रम मोडतो. पहिल्याच लेक्चरला फळ्यावर फक्त तीन आकडे लिहायचे, बांगलादेशच्या किनाऱ्यावरच्या तीन चक्रीवादळांचे. 1970 मध्ये तीन लाखांहून जास्त माणसं गेली, 1991 मध्ये सुमारे 1 लाख 38 हजार, आणि 2007 च्या सिद्र वादळात साडेतीन ते चार हजारांच्या दरम्यान. तिन्ही वादळं भयंकर होती, किनारा तोच, तसाच उथळ आणि सखल, उलट लोकसंख्या वाढलेलीच, मग मृत्यू एवढे कमी कसे झाले? एवढा एकच प्रश्न विचारा आणि गप्प बसा, मुलांना बोलू द्या.

मग हळूहळू सगळं त्यातूनच निघतं. इशारा किती तास आधी मिळाला, तो गावात सांगितला कुणी (1972 पासून तिथे स्वयंसेवकांचं जाळं उभं केलं गेलं), निवारे किती होते, तिथे जायला रस्ता होता का. आणि 1991 मध्ये बायकांचे मृत्यू पुरुषांपेक्षा कितीतरी जास्त का झाले, यावर तर अख्खा तास घालवा. लहान मुलं कडेवर, परक्या पुरुषांच्या गर्दीत निवाऱ्यात जायचा संकोच, घर आणि गुरं सोडून निघायचं कसं ही चिंता. पुढच्या काळातल्या निवाऱ्यांमध्ये बायकांसाठी वेगळी जागा आणि गुरांसाठी उंचवटा हे का आलं ते इथे कळतं. मुलांनी हे एकदा स्वतः शोधलं की वादळ म्हणजेच आपत्ती असं ती पुन्हा लिहीत नाहीत, निदान माझा तरी हाच अनुभव आहे.

यानंतर भौतिक भाग घ्या, आता त्यांना तो हवा असतो. स्टॉर्म सर्जसाठी, म्हणजे वादळामुळे किनाऱ्यावर चढणाऱ्या समुद्राच्या पाण्यासाठी, एक साधं गणित देतो. हवेचा दाब 1 हेक्टापास्कलने (हे दाब मोजायचं एकक) कमी झाला की समुद्राची पातळी साधारण 1 सेंटिमीटर वर येते. बाहेर दाब 1010 आणि वादळाच्या केंद्रात 940 असेल तर किती? 70 सेंटिमीटर. मग किनाऱ्यावर पाच-सहा मीटर पाणी कुठून आलं? इथे वर्गात शांतता होते, आणि ती होऊ द्यावी. उरलेलं काम वाऱ्याचं आणि उथळ तळाचं. खोल समुद्रात वाऱ्याने ढकललेलं पाणी खालून परत फिरू शकतं, उथळ ठिकाणी त्याला मागे जायला वावच नसतो म्हणून ते चढत जातं, त्यात बंगालच्या उपसागराचं उत्तरेकडचं टोक नरसाळ्यासारखं निमुळतं आणि वर भरतीची वेळ गाठली गेली तर मग विचारूच नका.

फील्डवर्कबद्दल तुम्ही विचारलं नाहीत पण सांगतो, कारण समुद्रावर नेता आलं नाही तरी पुळणीचा, म्हणजे वाळूच्या किनाऱ्याचा, उतार मोजायला नक्की शिकवता येतो. सागरी भूगर्भशास्त्रज्ञ के. ओ. एमरी यांनी 1961 मध्ये मांडलेली पद्धत आहे, दीड-दीड मीटरच्या दोन काठ्या, त्यावर वरून खाली सेंटिमीटरच्या खुणा आणि मध्ये तेवढ्याच लांबीची दोरी, बास. एक काठी जमिनीकडे, दुसरी समुद्राकडे, दोरी ताणून धरायची, मागच्या काठीपाशी उभं राहून पुढच्या काठीचं टोक आणि क्षितिज एका रेषेत आणायचं आणि ती रेषा आपल्या काठीवर वरून किती सेंटिमीटरला येते ते वाचायचं, तेवढा उतार. मग दोन पावलं पुढे, पुन्हा तेच. कॅम्पसवर क्षितिज दिसत नसेल तर गवंडी लेव्हलसाठी वापरतात ती पाण्याची पारदर्शक नळी घ्या आणि मैदानाच्या उतारावर सराव करून घ्या. ओल्या हातांनी, डोळे बारीक करून आकडे वहीत उतरवणारी मुलं नंतर आलेख काढतात तेव्हा त्यांना उतार म्हणजे काय हे वेगळं सांगावं लागत नाही.

आणि वाळू सरकते हे शिकवायला चेन्नई घ्या. 19व्या शतकाच्या शेवटी बंदर बांधलं, तिथे वाळूचा प्रवास वर्षभराचा हिशोब धरला तर दक्षिणेकडून उत्तरेकडे, बंदराने तो अडवला, दक्षिणेला मरीना बीच रुंद होत गेला आणि उत्तरेला रोयापुरमकडे किनारा खात गेला, तिथे दगड टाकत बसावं लागलं. सॅटेलाइट फोटो फोनवरच उघडून दाखवा. एकाचा फायदा दुसऱ्याच्या दारातून जातो हे मुलांना तुम्ही न सांगता दिसतं.

प्रश्न : हॅझर्ड मॅप (धोक्याचे पट्टे दाखवणारा नकाशा) शिकवताना मुलं विचारतात की नकाशात आपलं ठिकाण सुरक्षित दाखवलं असेल तर मग काही करायची गरज काय? याला काय उत्तर द्यावं?

उत्तर : फार महत्त्वाचा प्रश्न आहे. 11 मार्च 2011 चा जपानमधला भूकंप आणि त्सुनामी सांगा. ओकावा प्राथमिक शाळा समुद्रापासून जवळजवळ चार किलोमीटर आत, नकाशात पाणी येईल त्या पट्ट्याच्या बाहेर. भूकंपानंतर मुलं मैदानात थांबवली गेली, मागेच टेकडी असूनही जवळपास 50 मिनिटं तिथेच, आणि 108 पैकी 74 मुलं गेली. त्याच दिवशी जपानमधल्याच कामाइशी शहरात शाळांमधली जवळपास 3000 मुलं वाचली, तिथेही काही शाळा नकाशात सुरक्षितच होत्या. पण तोशिताका कातादा या प्राध्यापकांनी तिथे काही वर्षं शिकवलेलं होतं, गृहीत धरलेल्या आकड्यावर विश्वास ठेवू नका, त्या क्षणी जमेल तेवढं करा, आणि सगळ्यात आधी तुम्ही पळा. मोठी मुलं पळाली, ती बघून शेजारच्या शाळेतली छोटी, ठरलेल्या जागी पोचल्यावरही ती जागा धोक्याची वाटली म्हणून आणखी वर. नकाशा म्हणजे एका विशिष्ट गृहीतकावर काढलेलं उत्तर, ते गृहीतक नकाशाच्या कोपऱ्यात लिहिलेलं असतं, मुलांना आधी तो कोपरा वाचायला लावा, रंग नंतर.

प्रश्न : त्सुनामीचे खरे व्हिडिओ वर्गात दाखवावेत का?

उत्तर : दाखवा पण जपून. वर्गात कुणाच्या घरी काय घडलंय आपल्याला ठाऊक नसतं, त्यामुळे आदल्या तासालाच सांगायचं, ज्याला बघायचं नाही त्याने यायची गरज नाही आणि कारणही विचारायचं नाही. वाहून जाणारी माणसं दाखवू नका, त्यातून विज्ञान काही शिकलं जात नाही. पाणी मागे हटतंय तो भाग दाखवा, मात्र एक गोष्ट न विसरता सांगा, दर वेळी पाणी आधी मागे जातंच असं नाही. 2004 ला थायलंडच्या बाजूला बहुतेक ठिकाणी आधी ते ओसरलं, भारत आणि श्रीलंकेच्या बाजूला थेट चढत आलं. ओहोटीची वाट बघणारा माणूस आपल्याकडे उभाच राहिला असता. किनाऱ्यावर असताना जमीन बराच वेळ हलली तर तेवढाच इशारा पुरे, लगेच उंचावर जायचं. आणि दूरच्या भूकंपाचा हादरा आपल्याला जाणवतच नाही, तेव्हा अधिकृत इशारा आला की तो खरा मानून निघायचं, लाट बघायला थांबायचं नाही.