रक्षकदूताचं नाव काय ठेवायचं?

सप्टेंबर संपत आला की देवदूतांविषयीचे प्रश्न वाढतात. २९ सप्टेंबरला मिखाएल, गाब्रिएल, राफाएल या तीन महादूतांचा सण आणि लगेच २ ऑक्टोबरला रक्षकदूतांचा, म्हणजे प्रत्येक माणसाला सांभाळणाऱ्या दूतांचा. यंदा इंदुरातूनच इतके प्रश्न आलेत की बाकीचे विषय पुढच्या वेळी.

नातू कॉन्व्हेंटमध्ये पहिलीला आहे. झोपताना रक्षकदूताची प्रार्थना म्हणतो. आम्ही ख्रिस्ती नाही. हे कुलदैवतासारखं काही आहे का? त्याला म्हणू द्यावं का? – एक आजी, राजेंद्रनगर

आजी, कुलदैवताची आपण पूजा करतो, नवस बोलतो, ओटी भरतो. कॅथलिक माणूस देवदूतासाठी यातलं काही करत नाही. निदान करू नये. देवदूत म्हणजे देवाने निर्माण केलेला, शरीर नसलेला, बुद्धी आणि इच्छा असलेला जीव. तो देव नव्हे, देवाचा अंशही नव्हे. बायबलच्या शेवटच्या पुस्तकात योहान एका दूताच्या पाया पडायला जातो, तेव्हा दूतच त्याला अडवतो: असं करू नकोस, मीही सेवकच, नमन देवाला कर.

मग प्रार्थना कशाला? घरातल्या वडीलधाऱ्यांना आपण ‘माझ्यासाठीही देवाला हात जोडा’ म्हणतो ना, तेवढ्याच अर्थाने. लहान मुलांना तुच्छ लेखू नका, त्यांचे दूत स्वर्गात माझ्या पित्याचं मुख सदैव पाहत असतात, असं येशू म्हणतो (बायबलमधलं मत्तयाचं पुस्तक, अध्याय १८). रक्षकदूतांवरच्या श्रद्धेचा मुख्य आधार हाच.

म्हणू द्यायचं की नाही, ते मात्र घराने ठरवावं. प्रार्थना ख्रिस्ती आहे, ती ‘सगळ्यांचीच’ आहे असं सांगून तुमची समजूत काढणं मला बरं वाटत नाही. नको असेल तर बाईंना सरळ सांगा.

माझ्या रक्षकदूताचं नाव कसं ओळखायचं? एका व्हिडिओत जन्मतारखेवरून काढून देतात. शिवाय मला घड्याळात सारखे ११:११ दिसतात. – एक विद्यार्थी, भंवरकुआं

काढू नका आणि ठेवूही नका. व्हॅटिकनने २००१ मध्ये लोकभक्तीविषयी जी मार्गदर्शिका काढली, तिच्यात मिखाएल, गाब्रिएल, राफाएल सोडून इतर देवदूतांना नावं देण्याची प्रथा नको, असं स्पष्ट म्हटलंय. हे खूळही नवं नाही. ७४५ साली पोप झकारियांच्या वेळी रोममधल्या धर्मसभेपुढे आडालबर्ट नावाच्या एका उपदेशकाची प्रार्थना आली. तिच्यात उरिएल, रागुएल अशी नावांची माळच होती. सभेने ती नाकारली.

बायबलमधल्या शास्ते या पुस्तकात शमशोन या बलाढ्य वीराचा बाप मानोहा दूताला नाव विचारतो. उत्तर येतं: माझं नाव कशाला विचारतोस? मला हा प्रसंग फार आवडतो. आलेला निरोप ऐकायचा सोडून निरोप्याची चौकशी करत बसलेला मानोहा अगदी आपल्यातला वाटतो.

११:११ हा दूताचा संकेत म्हणाल, तर दिवसातून शंभरदा मोबाईल बघणाऱ्याला ते दिसणारच. १०:४७ सुद्धा दिसत असतील, पण त्यांची आठवण राहत नाही. आकड्यांतून शकुन काढणं चर्चला मुळीच मान्य नाही.

आमचं बाळ दोन दिवसांचं होऊन गेलं. दवाखान्यातल्या नर्सने त्याला बाप्तिस्मा दिला होता. घरातले म्हणतात, देवाला एक देवदूत हवा होता. मला ते सहन होत नाही. मी चुकते आहे का? – मूळची वसईची, आता विजयनगर

नाही, ताई. तुमचं बाळ देवदूत झालेलं नाही. ते तुमचं बाळच आहे आणि तुमचंच राहील.

ही माझी खास समजूत नव्हे, चर्चची शिकवण आहे. देवदूतांना शरीर नाही, जन्म नाही, आई नाही. माणसाला शरीर आहे आणि शेवटी त्या शरीरानिशीच त्याचं पुनरुत्थान व्हायचं आहे. लूकच्या शुभवर्तमानात, म्हणजे त्याने लिहिलेल्या येशूच्या चरित्रात, पुनरुत्थित माणसं देवदूतांसमान असतात असं येशू म्हणतो, पण ते मरण आणि लग्न यांच्या संदर्भात. माणूसपण जातं असं तिथे म्हटलेलं नाही. आणि स्वर्गात जागा भरायची म्हणून देव कुणाच्या मांडीवरचं मूल उचलत नाही. नर्सने दिलेला बाप्तिस्मा पूर्ण वैध. मरणाच्या दारात तो कुणीही देऊ शकतं. म्हणजे तुमचं बाळ देवापाशी आहे, संतांमध्ये आहे. त्याला हाक मारून ‘आमच्यासाठी प्रार्थना कर’ म्हणायला काहीच हरकत नाही.

आपल्या डोळ्यांसमोरचंच उदाहरण घ्या. सिस्टर राणी मारिया २५ फेब्रुवारी १९९५ ला उदयनगरहून इंदूरला येणाऱ्या बसमध्ये मारल्या गेल्या. ४ नोव्हेंबर २०१७ ला इथेच, इंदुरात, चर्चने त्यांना ‘धन्य’ (संतपदाच्या आधीची पायरी) घोषित केलं. त्यांना कुणी देवदूत म्हणत नाही. आदिवासींच्या कर्जासाठी झगडणारी, बसने हिंडणारी ती बाई होती आणि तिच्या त्या माणूसपणाचाच गौरव झाला.

देवदूतांचं काम वेगळं. ‘देवदूत तुला नंदनवनात घेऊन जावोत’ अशी मृतांसाठीची जुनी प्रार्थना आहे. बाळ त्या वाटेवर एकटं नव्हतं, एवढं त्यातून घ्या. घरच्यांशी वाद घालू नका; त्यांना काय बोलावं ते सुचलं नाही, एवढंच.

आमच्या धर्मग्रामात (पॅरिशमध्ये) मिस्सा (चर्चमधली मुख्य उपासना) संपल्यावर संत मिखाएलची प्रार्थना म्हणतात, मावशीकडे म्हणत नाहीत. बरोबर कोण? – पलासिया

दोघेही. पोप तेरावे लिओ यांनी १८८६ मध्ये ती मिस्सानंतरच्या प्रार्थनांत घातली, व्हॅटिकनच्या १९६४ च्या सूचनेने त्या सगळ्या प्रार्थना बंद झाल्या. पोप दुसऱ्या जॉन पॉल यांनी १९९४ मध्ये आणि फ्रान्सिस यांनी २०१८ मध्ये ती म्हणायला पुन्हा सांगितलं, पण मिस्साचा भाग म्हणून नव्हे. माझी तक्रार एकच: ही प्रार्थना मोठ्याने म्हणणारे मिस्सातलं ‘पवित्र, पवित्र, पवित्र’ हे गाणं मात्र पुटपुटतात. बायबलमधल्या यशया संदेष्ट्याने मंदिरात सराफीम या दूतांच्या तोंडून ऐकलेलं गाणं ते! देवदूतांसोबत उभं राहायचं तर प्रत्येक मिस्सात हीच जागा आहे.

सासर प्रॉटेस्टंट आहे. सासूबाई म्हणतात, राफाएल बायबलमध्ये नाहीच. – नवी सून, लोकमान्यनगर

त्यांच्या बायबलमध्ये नाही, हे खरंच. राफाएल येतो तोबीताच्या पुस्तकात. ते कॅथलिक बायबलमध्ये आहे, प्रॉटेस्टंटांच्या बायबलमधल्या पुस्तकांच्या यादीत नाही. कॅथलिक चर्चच्या ट्रेंट इथल्या महासभेने १५४६ मध्ये आपली यादी पक्की केली. भांडू नका, पुस्तकच वाचायला द्या. आंधळा बाप, वसुलीला निघालेला मुलगा, सोबत रोजंदारी ठरवून घेतलेला वाटाड्या आणि मागे चालणारा कुत्रा. सासूबाई खाली ठेवणार नाहीत. चौदाच अध्याय आहेत. फक्त बारावा आधी उघडू देऊ नका, वाटाड्या कोण ते बापलेकांना तिथे कळतं.