पीएफ मोडून मैदानात उतरावं का?

प्रश्न : वय ३६. नाशिकला सातपूरच्या एका कारखान्यात जनरल शिफ्टला आहे, हातात ५२,००० रुपये येतात. पत्नी खासगी शाळेत शिक्षिका, पगार १६,०००. मुलगी दुसरीत. घराच्या हप्त्यासह महिन्याचा खर्च ५५,०००. एफडी १,१०,००० ची, पीएफमध्ये ३,४०,०००. नोकरीला सव्वाचार वर्षं झाली, ही पहिलीच. फिटनेस ट्रेनरचा कोर्स पूर्ण केला आहे. नोकरी सोडून गोल्फ क्लब मैदानावर सकाळची ट्रेनिंग बॅच सुरू करायची आहे. १,५०० रुपये फी, ४० जण धरले आहेत. पीएफमधले तीन लाख घालीन, त्यातले दीड लाख साहित्याला, उरलेले जाहिरातीला. इन्स्टाग्राम सांभाळणारी एजन्सी महिना १५,००० मागते. करू का?

उत्तर : बॅच जरूर सुरू करा. नोकरी मात्र सोडू नका आणि पीएफला हात लावू नका. तुमची बॅच पावणेसहाला सुरू होऊन पावणेसातला सुटेल आणि जनरल शिफ्ट त्यानंतर लागते. मग राजीनाम्याची एवढी घाई कशाला?

आधी तुमचा ४० चा आकडा बघू. पहाटे त्या ट्रॅकवर गर्दी असते हे खरंच, पण ती माणसं फुकट चालायला येतात. त्यातली किती जण पैसे मोजतील, हे गर्दी बघून कळत नाही. मी सरासरी २२ धरतो. कोरड्या आठ महिन्यांत ३३,००० च्या हिशेबाने २,६४,००० होतात. पावसाच्या चार महिन्यांत निम्मे लोक टिकले तर ६६,०००. एकूण ३,३०,०००. त्यातून जागा, साहित्य, पेट्रोल, किरकोळ जाहिरात असे ७०,००० वजा केले तर महिन्याला २२,००० सुद्धा हातात पडत नाहीत. पत्नीचा पगार मिळवला तरी ५५,००० चा खर्च भागत नाही.

पीएफचं म्हणाल, तर नोकरीची सलग पाच वर्षं भरण्याआधी तो काढला की रक्कम करपात्र होते. तुमचे नऊच महिने राहिलेत. शिवाय २०२४-२५ साठी त्यावर ८.२५ टक्के व्याज मिळालं आहे, आणि तुमच्याकडे म्हातारपणासाठी दुसरं काही दिसत नाही.

आता बाजाराचा अंदाज. यात कंटाळा करू नका, खरं काम इथेच आहे. पंधरा दिवस पहाटे साडेपाचला वही घेऊन मैदानावर उभे राहा. एकटे किती, घोळक्याने किती, बायका किती, पन्नाशीपुढचे किती, रोज तेच चेहरे कोणते, सगळं लिहा. तुमच्या मनात दणकट तरुणांची बॅच दिसते. पण तरुण जिमला जातात नाहीतर पोलीस भरतीच्या तयारीत असतात, आणि भरतीच्या पोराला १,५०० जड जातात. माझा अंदाज असा, की फी देतील त्या मुलांचे डबे भरून दमलेल्या चाळिशीच्या बायका. त्यांचे गुडघे दुखतात, जिममध्ये अवघडल्यासारखं होतं, आणि सोबत मैत्रीण असेल तर त्या नेमाने येतात. माझा अंदाज चुकीचाही निघेल. तुमच्या वहीत काय येतं ते माना.

मग आठ-दहा जणांना पंधरा दिवस फुकट शिकवा. सोळाव्या दिवशी पुढच्या महिन्याची फी आगाऊ मागा. कौतुक सगळेच करतील, पैसे किती जणांनी दिले तेवढंच मोजा.

साहित्याला १५,००० पुरे : कोन, रबरी पट्टे, दोऱ्या, दोन-चार वजनं. चटई ज्याची त्याने आणावी. एजन्सीला नाही म्हणा. वर्षाचे १,८०,००० तिच्यावर घालवले तर उरणाऱ्या पैशातला मोठा घास तिथेच जाईल. तुमचं गिऱ्हाईक दोन-तीन किलोमीटरच्या आत राहतं. गूगल मॅपवर नोंद फुकट होते. व्हॉट्सॲप स्टेटसवर रोज बॅचचा एक फोटो टाका, अर्थात लोकांना विचारूनच. आणि मैत्रिणीला घेऊन येईल तिला आठवड्याची फी माफ. आजूबाजूच्या गायनॅक आणि फिजिओथेरपिस्ट डॉक्टरांना स्वतः जाऊन भेटा.

जागेचं बोलणं पहिल्यांदा करा. महापालिकेच्या मैदानावर पैसे घेऊन शिकवायचं तर परवानगी लेखी हवी, तोंडी होकारावर बॅच उभी करू नका. मोठ्या सोसायटीची मोकळी जागा मिळाली तर मला ती जास्त आवडेल, कारण गिऱ्हाईक तिथेच राहतं. पावसासाठी मंगल कार्यालयाशी बोलून ठेवा. चातुर्मासात लग्नं जवळजवळ नसतात, हॉल सकाळी रिकामाच असतो, तासाभरासाठी भाडं घासाघीस करून ठरवता येतं. हे जमलं तर पावसात निम्मे लोक गळणार नाहीत.

नोकरी केव्हा सोडायची? एक अख्खा पावसाळा धरून बॅचमधून खर्च जाता वर्षभर सरासरी ४०,००० उरले आणि एफडी ३,३०,००० पर्यंत, म्हणजे सहा महिन्यांच्या खर्चाएवढी झाली की. आज महिन्याला १३,००० शिल्लक राहतात, त्यात बॅचचे पैसे पडले की वर्षभरात तिथवर पोचाल. तोवर कंपनीत कामाला हयगय नको, आणि बाहेर काम करण्याबद्दल नेमणूकपत्रात काय लिहिलंय ते वाचून घ्या.

एक काम मात्र याच महिन्यात करा. कंपनीचा आरोग्य विमा नोकरीबरोबर संपतो. तिघांची स्वतंत्र पॉलिसी आत्ताच काढा. सप्टेंबर २०२५ पासून तिच्यावर जीएसटी लागत नाही. आधीपासूनच्या आजारांसाठी तीन वर्षांपर्यंत थांबावं लागू शकतं, आणि तो काळ कंपनीचा विमा हाताशी असतानाच सरलेला बरा.