हिंदीत ‘देवता’ पुल्लिंगी का?

संस्कृतात ‘देवता’ स्त्रीलिंगीच. ‘देव’ला पाणिनीच्या ‘देवात्तल्’ (५.४.२७) या सूत्राने तल् प्रत्यय लागतो (शब्दात तो ‘-ता’ असा दिसतो), अर्थ तोच राहतो, पण तलन्त (तल् लागून बनलेला) शब्द स्त्रीलिंगी होतो. म्हणून इंद्र, अग्नीसुद्धा संस्कृतात ‘देवता’, स्त्रीलिंगी.

हिंदीने शब्द जसाच्या तसा घेतला, लिंग मात्र बदललं: ‘देवता प्रसन्न हुए’. स्त्रीसाठी ‘देवी’ हा शब्द असल्याने ‘देवता’ पुरुषाकडे गेला असावा, असं मला वाटतं.

रूपं नीट लक्षात ठेवा, आपली चूक इथेच होते. ‘लड़का–लड़के’सारखं ‘देवते’ होत नाही. अनेकवचनही ‘देवता’च, विभक्ती लागताना ‘देवताओं को’. मराठीने संस्कृतचं लिंग जपलं: आपली ग्रामदेवता, कुलदेवता ‘ती’च.