माझ्या एआय एजंटला (स्वतः टूल निवडून काम करणारा प्रोग्राम) यूट्यूबची दोन टूल्स दिलीत: एक सर्चचं, एक व्हिडिओंच्या आकड्यांचं. तो सारखं चुकीचं टूल उचलतो, टूलचं वर्णन कसं लिहू?

तुमच्या दोन्ही टूल्सवर ‘यूट्यूबचा डेटा आणते’ एवढंच लिहिलंय. मग एजंटने ओळखायचं कशावरून? सर्चचं टूल फक्त आयडी, शीर्षक, तारीख वगैरे देतं. व्ह्यूज, लाइक्स हवे तर तेच आयडी दुसऱ्या टूलला द्यावे लागतात, एका वेळी जास्तीत जास्त ५०. हे वर्णनातच लिहा, टूल कधी वापरू नये तेसुद्धा.

खरी गोची आकड्यांच्या अर्थात असते. सबस्क्रायबरांचे पहिले तीनच अंक खरे येतात: १,२३,४५६ चे १,२३,००० दिसतात. हे सांगितलं नाही, तर एजंट ‘आठवडाभरात वाढ शून्य’ असं बिनधास्त ठोकून देतो. (माझ्या एजंटने दिलं होतं!) आणि वेळ यूटीसीत (जागतिक प्रमाणवेळेत) असते, आपल्यापेक्षा साडेपाच तास मागे.

पॅरामीटरचं, म्हणजे टूलला द्यायच्या माहितीचं, नाव नुसतं ‘आयडी’ नको. ‘व्हिडिओ आयडी’ की ‘चॅनल आयडी’, ते स्पष्ट करा.